उन्हाने कीड जळते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्याच्या टपालात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली: उन्हाळा अधिक तापू लागला आणि थंडी लहरी झाली, तर पिकांवरच्या व धान्यातल्या किडींचे काय होते? ही सगळी पत्रे इंदूर आणि परिसरातून आलेली असल्यामुळे यावेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे लांबीनुसार थोडी आखडून घेतली आहेत.

प्रश्न : आमची शेती सांवेर तहसिलीत आहे. वडील दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शेत खोल नांगरून उघडे टाकत आणि माळव्याच्या उन्हात कीड जळून जाते असे सांगत. आता ऊन पूर्वीपेक्षा कडक पडते, तरीही सोयाबीनवर अळी आणि चक्रभुंगा येतातच. मग वडिलांचे म्हणणे खरे मानावे की नाही? गावात काही जण गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले काड, जाळतात आणि त्याने कीड मरते असे म्हणतात, तेही कळवावे.

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे खरे आहे, मात्र त्यात ‘ऊन’ या शब्दापेक्षा ‘उघडे टाकत’ हे शब्द अधिक महत्त्वाचे आहेत. कीटक शीतरक्ती असतो, म्हणजे शरीराचे तापमान आतून राखण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नसते. तो जिथे असेल तिथली ऊब किंवा गारवा हीच त्याची ऊब आणि गारवा. वर्तमानपत्रात ४३ अंश छापून येतात ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीला ठेवलेल्या तापमापकाचे असतात, आणि त्या पेटीत कोणतीही अळी राहत नाही. त्याच दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे गेलेला असू शकतो, आणि वीतभर खाली मात्र तापमान त्यापेक्षा पुष्कळ कमी असून दिवस आणि रात्र यांतला फरकही तिथे फारसा पोचत नाही. बहुतेक कीटक ४० ते ५० अंशांच्या दरम्यान कुठेतरी प्रथम हालचाल गमावतात आणि ती स्थिती टिकली तर मरतात. म्हणजे एकाच शेतात, एकाच दुपारी, मृत्यू आणि आराम यांच्यात केवळ चार-सहा इंच मातीचे अंतर असते.

हरभऱ्यावरची घाटेअळी पूर्ण वाढली की जमिनीत शिरते, मातीचे लहानसे घर करते आणि त्यात कोशावस्थेत जाते. नांगराने हे घर मोडले, कोश वर आला आणि तापलेल्या ढेकळांवर पडला, तर तो उन्हाने मरतो, किंवा त्याआधीच ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या गायबगळ्यांच्या आणि साळुंक्यांच्या पोटात जातो. न नांगरलेल्या शेतात हवेचे तापमान आणखी दोन अंशांनी वाढले, तरी त्या कोशाला त्याची झळ विशेष लागत नाही. शिवाय घाटेअळीच्या काही कोशांत तीव्र उष्णतेच्या काळात वाढ थांबवून पडून राहण्याची, म्हणजे उन्हाळी सुप्तावस्थेत जाण्याची क्षमता असते. ऊन जितके कडक तितकी कीड कमी, असे सरळ गणित मांडणाऱ्यांनी हा झोपलेला कोश विसरू नये.

चक्रभुंग्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे आपल्या वडिलांची पद्धत अधिक उपयोगी पडते. त्याची अळी सोयाबीनच्या खोडात असते, आणि कापणीनंतर शेतात राहिलेल्या खोडाच्या तुकड्यांत व खुंटांतच ती सुप्तावस्थेत उन्हाळा काढून पावसाबरोबर जागी होते. असे तुकडे उघडे पडून तापतील किंवा वेचून बाहेर काढले जातील, तर पुढच्या हंगामाचे बीजच कमी होते. तरीही कीड येते याचे कारण असे की आपण नांगरले ते आपले शेत. शेजारच्या शेतातले भुंगे बांध ओळखत नाहीत, आणि घाटेअळीचे किंवा तंबाखूवरील अळीचे पतंग तर रात्रीतून दूरवर उडत येतात. या दोन्ही अळ्यांना सोयाबीन, हरभरा, कापूस, भाजीपाला असे काहीही चालते. नांगरटीचा खरा लाभ गावातल्या बहुतेकांनी ती एकाच पंधरवड्यात केली तर दिसतो.

नरवाईच्या बाबतीत मात्र माझे मत स्पष्ट विरोधाचे आहे. गव्हाच्या काडाची आग भरभर पुढे सरकते आणि मातीचा वरचा थोडासा थरच तापवते. खालच्या कोशांपर्यंत तिची आंच जात नाही. जळतात ते वर वावरणारे कोळी, भूभुंगेरे आणि मातीला जिवंत ठेवणारे सूक्ष्मजीव, म्हणजे आपलीच माणसे. काड आणि किडका पालापाचोळा यांची उष्णतेनेच विल्हेवाट लावायची असेल, तर त्याचा उपाय आपल्याच गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते आणि कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी इथेच बसवली. नीट रचलेला, पुरेसा ओला आणि वेळेवर उलथापालथ केलेला ढीग आतून ६० अंशांच्या आसपास तापतो आणि त्या उष्णतेत आठवडाभर राहिलेली अळी, कोश किंवा अंडी जगत नाहीत. मे महिन्याच्या उन्हाला जे कोशाबाबत जमत नाही ते शेणकाल्याला जमते.

प्रश्न : मी रामबागेत राहते. दरवर्षी वैशाखात वर्षाचे लोकवन गहू घेऊन गच्चीवर दोन दिवस कडक ऊन देते आणि मगच कोठीत भरते. तरीही श्रावणात सोंडे निघतातच. डाळी व चवळी यांत भुंगेरे होतात. ऊन कमी पडते का? सासूबाई कोठीत पाऱ्याच्या पुड्या ठेवत असत. ते करावे का?

उत्तर : ऊन कमी पडत नाही, पण ते दाण्याच्या आत पोचत नाही आणि पुरेसा वेळ टिकत नाही. सोंड्याची मादी गव्हाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते; अळी आणि कोश या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पार पडतात. गच्चीवर गहू पसरला की आपल्याला सोंडे चादरीच्या कडेकडेने सावलीकडे पळताना दिसतात, आणि आपण समजतो की गहू साफ झाला. पळाले ते फक्त प्रौढ. आतले मागे राहिले, आणि त्यांनाच श्रावणातल्या दमट हवेत बाहेर यायला आवडते.

साठवणीतल्या किडींवर तापमानाचा परिणाम पुष्कळ अभ्यासला गेला आहे, आणि त्याचा सारांश असा सांगता येतो: २५ ते ३३ अंश हा त्यांच्या वाढीचा सर्वांत सुखाचा पट्टा, ३५ अंशांच्या पुढे बहुतेकांची वीण थांबते, ४५ ते ५० अंशांत त्या दिवसभराच्या आत मरतात, ५० च्या वर तासाभरात, आणि ६० च्या पुढे मिनिटाभरात. इथे तापमान आणि वेळ यांची जोडी महत्त्वाची आहे. जाडसर पसरलेल्या गव्हाचा वरचा थर दुपारी पन्नाशी गाठतो, पण खालचा थर चाळिशीतच असतो. गहू बोटभरच जाड पसरावा, दुपारी दोन-तीनदा हात फिरवून वरखाली करावा, आणि कडेने पळणारे सोंडे झाडून घेऊन नष्ट करावेत.

डाळी व चवळीसाठी याहून चांगली युक्ती आहे. खाली काळे प्लास्टिक अंथरून त्यावर धान्याचा पातळ थर पसरावा, वर पारदर्शक प्लास्टिक टाकून चारही कडा विटांनी दाबाव्यात. आत अडकलेल्या उन्हाने तापमान झपाट्याने चढते, आणि चवळीतल्या भुंगेऱ्याच्या अंड्यापासून प्रौढापर्यंतच्या सगळ्या अवस्था ५७ अंशांत तासाभरात मरतात हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. ताप पाहायच्या घरगुती तापमापकाने हे मोजता येणार नाही. शंभर अंशांपर्यंतचा साधा तापमापक आणावा आणि त्याचे टोक धान्यात खुपसून पाहावे. पेरणीसाठी राखलेले बियाणे असेल, तर आधी मूठभर दाण्यांवर प्रयोग करून त्यांची उगवण तपासावी. ऊन दिलेले धान्य गरम असताना कोठीत भरू नये. रात्रभर उघड्यावर, झाकून, निवू द्यावे, नाहीतर आत दव धरते आणि ओलावा वाढतो. रवा, मैदा, बेसन यांची थोडी पाकिटे असतील, तर उलट टोक गाठावे: घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांत, आठवडाभर ठेवलेल्या पाकिटात काही जिवंत राहत नाही.

अर्धवट ऊन देण्यात एक धोका आहे, आणि त्यामागे एक रंजक इतिहास आहे. १९६२ मध्ये फेरुचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाच्या फळमाश्या ठेवलेल्या उबवणी पेटीचे तापमान सहकाऱ्याच्या हातून चुकून वाढले, आणि त्या माश्यांच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसू लागले. पुढे कळले की उष्णतेचा तडाखा बसला की पेशी विशेष संरक्षक प्रथिने तयार करतात, जी इतर प्रथिनांची घडी बिघडू देत नाहीत. आज ज्यांना उष्णता-आघात प्रथिने म्हणतात ती हीच. व्यवहारातला अर्थ असा की ज्या कीटकाला आधी सोसण्याइतका ताप मिळाला, तो काही तासांनी न सोसण्याइतका तापही सोसून जातो. म्हणून चार दिवस कोवळे ऊन देण्यापेक्षा एकच दुपार कडकडीत द्यावी. खपरा भुंगेरा नावाची कीड तर पस्तिशीच्या आसपासच्या उष्णतेतच सर्वांत वेगाने वाढते, आणि तिची अळी भिंतीच्या फटीत खाण्यावाचून दीर्घकाळ पडून राहू शकते; जुन्या वाड्यातली कोठी असेल तर गहू भरण्यापूर्वी फटी बुजवणे उन्हापेक्षा अधिक कामाचे ठरेल.

पाऱ्याच्या पुड्या मात्र ठेवू नयेत. पारा विषारी आहे, आणि सासूबाईंच्या काळी चालले म्हणून तो आज कमी विषारी होत नाही. एरंडेल तेलाचा हलका हात फिरवणे हा जुना उपाय त्याहून कितीतरी शहाणपणाचा आहे.

प्रश्न : २०२० मध्ये माळव्यात टोळधाड आली ती उन्हाच्या लाटेमुळे आली का?

उत्तर : नाही, तिची सुरुवात पावसात होती. २०१८ मध्ये मे आणि ऑक्टोबर अशा दोन महिन्यांत दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडला, ओली वाळू आणि हिरवळ मिळाल्याने टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या, आणि तिथून ते पूर्व आफ्रिका, इराण व पाकिस्तान असा प्रवास करत भारतात पोचले. तापमानाचा संबंध आहे तो त्यांच्या दिनक्रमाशी: रात्री गारठून झाडांवर बसलेला थवा सकाळी अंग तापवल्याशिवाय उडू शकत नाही, आणि म्हणूनच फवारणीची पथके पहाटे काम उरकत होती.

प्रश्न : महूजवळ आमचे डॉलर चण्याचे पीक आहे. थंडी कडाक्याची पडली की घाटेअळी मरेल अशी आम्हाला आशा असते. गेल्या काही वर्षांत थंडी उशिरा येते आणि मध्येच ओसरते. त्याचा या अळीशी काय संबंध आहे?

उत्तर : आपल्याकडची थंडी अळीला मारत नाही, ती फक्त तिला थांबवते, आणि सगळा फरक त्या थांबण्यात आहे. कीटकाच्या शरीरातले पाणी शून्य अंशाला गोठत नाही. शरीर लहान असल्यामुळे आणि रक्तात साखर, ग्लिसरॉल यांसारखे पदार्थ साठवता येत असल्यामुळे अनेक कीटकांचे अंग शून्याच्या खाली कित्येक अंश जाईपर्यंत द्रवच राहते. डिसेंबरच्या पहाटे पारा ४-५ अंशांवर आला, तर घाटेअळी बधिर होऊन घाट्यात किंवा पानाआड पडून राहते आणि दहा वाजता ऊन अंगावर आले की पुन्हा खाऊ लागते. पाला, म्हणजे गोठलेले दव, पडतो तेव्हाही हानी पिकाचीच अधिक होते, कारण उघड्या आकाशाखाली पान हवेपेक्षा अधिक गार पडते आणि घाट्याच्या आतली अळी आडोशाला असते. पाल्याने कीड गेली असे कोणी म्हणाले, तर आधी हरभरा शिल्लक आहे का ते पाहावे.

थांबण्याचे गणित मात्र करून पाहण्यासारखे आहे. घाटेअळीची वाढ साधारण ११ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून ११ वजा केले, की त्या दिवशी अळीला मिळालेली कामाची ऊब कळते. तिला अंश-दिवस म्हणतात. अंड्यापासून पतंगापर्यंत पोचायला तिला असे सुमारे ४७५ अंश-दिवस लागतात. आता धरून चला की कमाल २७ आणि किमान ११ आहे: सरासरी १९, म्हणजे रोज ८ अंश-दिवस, आणि पिढी पुरी व्हायला ५९ दिवस. तीच थंडी ओसरून कमाल २९ आणि किमान १४ झाली, तर सरासरी २१.५, म्हणजे रोज १०.५, आणि पिढी ४५ दिवसांत पुरी. दिवस दोनच अंशांनी आणि रात्र तीन अंशांनी उबदार झाली, आपल्याला शाल थोडी उशिरा काढावी लागली, एवढाच फरक आपल्याला जाणवला. अळीने मात्र दोन आठवडे वाचवले. नोव्हेंबरात पेरलेल्या हरभऱ्याच्या आयुष्यात दोन आठवडे म्हणजे पुढच्या पिढीच्या अळ्या घाटे भरण्याच्या नेमक्या वेळी तयार असणे. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता; अशा फेब्रुवारीत गहू वाळतो ते सर्वांना दिसते, पण घाट्यांमधली घाई कोणी मोजत नाही.

म्हणून थंडीची वाट पाहण्यापेक्षा रोजचे कमाल-किमान वहीत लिहावे. शेतात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, आणि ज्या दिवशी त्यांत पतंग एकदम वाढलेले दिसतील तो दिवस शून्य धरून अंश-दिवसांची बेरीज सुरू करावी. अंडी केव्हा फुटतील आणि लहान अळ्या केव्हा दिसतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. लहान अळीवरच जैविक विषाणूची, म्हणजे एचएएनपीव्हीची, फवारणी उपयोगी पडते. ती संध्याकाळी करावी, कारण उन्हातले अतिनील किरण तो विषाणू निकामी करतात. रासायनिक औषधांतही तापमानाची गुंतागुंत आहे: पायरेथ्रॉइड गटातली औषधे सामान्यतः गारव्यात अधिक आणि उष्णतेत कमी प्रभावी ठरतात, तर ऑर्गनोफॉस्फेट गटातल्यांचे बहुधा उलट असते. उष्ण दुपारी फवारून ‘औषध बनावट निघाले’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निदान काहींची तक्रार दुकानदाराकडे नव्हे, घड्याळाकडे असायला हवी.

प्रश्न : मी कृषी महाविद्यालयाची विद्यार्थिनी आहे. तापमान एका अंशाने वाढले की किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल असे वाचले. पण उष्ण प्रदेशातल्या कीटकांना तापमानवाढ मानवत नाही असेही वाचले. दोन्ही एकाच वेळी कसे खरे असेल?

उत्तर : दोन्ही खरे आहेत, कारण दोन विधानांचे भूगोल वेगळे आहेत. १० ते २५ टक्क्यांचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला असून तो गहू, भात आणि मका या तीन पिकांच्या जागतिक नुकसानीबद्दल आहे, आणि त्यातली मोठी वाढ समशीतोष्ण प्रदेशांत अपेक्षित आहे. कीटकाची वाढ तापमानाबरोबर हळूहळू चढते, एका बिंदूला शिगेला पोचते आणि तिथून कड्यावरून पडावी तशी कोसळते. युरोपातला कीटक चढणीच्या मध्यावर उभा आहे, त्याला दोन अंश म्हणजे बढती. आपल्याकडचा उन्हाळ्यातला कीटक कड्याजवळ उभा आहे.

मरण्याच्या कितीतरी आधी वंश खुंटतो, ही गोष्ट आपल्या अभ्यासात विशेष लक्षात ठेवावी. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाच दिवसांच्या उष्णतेच्या लाटेने नरांची प्रजननक्षमता जवळजवळ निम्मी झाली आणि दुसऱ्या लाटेने ते बहुतांशी वांझ झाले. भुंगेरे मात्र चालते-फिरते होते. मावा घ्या. ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यातल्या मोहरीवर गार, ढगाळ दिवसांत तो झपाट्याने वाढतो आणि ऊन तापू लागले की कोसळतो. माव्याच्या शरीरात राहणारे, त्याला आवश्यक अमिनो आम्ले पुरवणारे जिवाणू उष्णतेला त्याच्याहूनही नाजूक असतात, म्हणून मालक जगला तरी स्वयंपाकी मरतो अशी त्याची अवस्था होते.

तरीही उष्ण प्रदेश म्हणून निर्धास्त राहता येत नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले, आपली रब्बी कड्याजवळ नाही, चढणीवर आहे; वरच्या उत्तरातले हरभऱ्याचे गणित तेच सांगते. दुसरे, किडीचे शत्रू अनेकदा किडीच्या आधी हरतात. अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी मिलिमीटरभरही नसते, आणि इतक्या लहान शरीरातले पाणी उष्ण कोरड्या वाऱ्यात फार लवकर उडते. म्हणूनच बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने तिचे उष्णता सोसणारे वाण निवडीने तयार केले आहे. माळव्याच्या सोयाबीनमध्ये याहून सोपे उदाहरण पाहायला मिळते. ऑगस्ट-सप्टेंबरात ढग आणि झिमझिम टिकली, तर पानांवर ताठ झालेल्या, पांढऱ्या आणि मग हिरवट भुकटीने माखलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. तो नोमुरिया बुरशीचा रोग, आणि ज्या वर्षी तो पसरतो त्या वर्षी शेतकऱ्याचा एखादा फवारा वाचतो. याच आठवड्यांत पावसाने लांब दडी मारून ऊन तापले, तर अळीला फारसे काही होत नाही, पण बुरशीची साथ मोडते.

प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर खंडवा रोडच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या परिसरातल्या शेतांपासून सुरुवात करता येईल: उघड्या हवेत एक, पिकाच्या दाटीत पानांच्या उंचीवर एक आणि मातीत वीतभर खाली एक असे तीन तापमापक लावावेत, आणि पावसाच्या खंडाआधी व नंतर दर मीटर ओळीत जिवंत अळ्या किती व बुरशीने मेलेल्या किती ते मोजावे. पानांतून बाष्प निघत असेपर्यंत दाटीतला तापमापक बाहेरच्यापेक्षा कमी दाखवेल. पीक कोमेजले की तो फरक घटत जाईल, आणि त्या दिवसांतली मोजणी चुकवू नये.